दोष यंत्राचा

भालेराव सरांची नि माझी ओळख भांडणातून झाली, आणि भांडण मीच काढलं होतं. एक्क्याऐंशी साल. अंबडला तहसीलच्या रस्त्यावर माझं स्टेशनरीचं दुकान होतं. फुलस्केप, कार्बन, टाचण्या, शाळेच्या वह्या असा सगळा माल. शेजारची खोली वर्षभर रिकामी होती, त्यामुळं मला शांततेची सवय लागलेली. एका सकाळी भिंतीपलीकडून असा खडखडाट सुरू झाला की माझ्या फळीवरच्या शाईच्या बाटल्या सरकत सरकत कडेला आल्या. मी तणतणत गेलो. आत चार टाइपरायटर, चार पोरं, आणि पांढराशुभ्र शर्ट घातलेला एक बारका माणूस हातातल्या लाकडी पट्टीनं टेबलावर ठेका देत उभा.

"काय लावलंय हे? शेजाऱ्यानं धंदा करायचा का न्हाई?" मी म्हणालो.

त्यांनी पट्टी खाली ठेवली. चिडले नाहीत, माफीही मागितली नाही. स्टूल पुढं केलं आणि म्हणाले, "बसा. दोन मिनिटं फक्त ऐका. तिसऱ्या मशीनवरचे चुकतायत, ऐकू येतंय का?"

मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. पण भांडायला गेलेला माणूस एकदा स्टुलावर बसला की त्याचं भांडण संपतंच. पुढं पंचवीस-सव्वीस वर्षं आमच्यात ती एक भिंत होती. तीन महिन्यांत मला दुकानात बसल्या बसल्या कळायला लागलं, की आज नवं पोरगं आलंय, आज कुणाचं लक्ष नाही, आज कुणीतरी रडवेलं होऊन बसलंय. बायको म्हणायची, तुम्ही त्या क्लासची फी भरायला पाहिजे.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. अंबड तालुक्यातल्या कुठल्याही कचेरीत जा, त्यांच्या हाताखालून गेलेला एखादा कारकून भेटतोच. सगळे त्यांच्याबद्दल चांगलं बोलतात, आणि ते खरंच आहे. पण मला सर आठवतात ते एका लॅपटॉपमुळं. त्या लॅपटॉपपायी एका बाईची हातातोंडाशी आलेली सरकारी नोकरी गेली. चूक सरांची होती, आणि ती तिच्यापुढं कबूल करायला त्यांना अकरा महिने लागले. ते अकरा महिने मी भिंतीच्या अलीकडून काढलेत. हे सांगितलं नाही तर सरांचं सगळं चांगलं सांगणंही खोटं ठरेल असं मला वाटतं, म्हणून सांगतो. पण आधी माणूस कसा होता ते कळलं पाहिजे.

सर सगळ्यांना 'आपण' म्हणायचे. सोळा वर्षांच्या, नाकाला शेंबूड असलेल्या पोरालाही. "आपण उद्या वेळेवर या." "आपली करंगळी कुठंय?" पोरं पहिल्या दिवशी मागं वळून बघायची, की आपल्यामागं कोण मोठा माणूस उभा आहे. मी एकदा त्यांची टर उडवली, की सर, हे काय, दरबार भरवलाय काय तुम्ही? तेव्हा ते माझ्याशी क्लासातली पुस्तकी मराठी सोडून घरची बोलले. "शेजारी," म्हणाले. मला ते शेवटपर्यंत शेजारीच म्हणत. "माझा बाप सालगडी. जलमभर राबला, पण गावात त्याला कुणी 'अहो' म्हटलं न्हाई. आमच्या लोकांनी धर्म बदलला, नावं बदलली, तरी त्याला 'अरे'च. मला 'अहो' म्हणाया लागले ते टाइपिंग आल्यावर. मंग म्हटलं, ह्या पोरांनी कशाला वाट बघावी? मी आधीच म्हणून टाकतो."

मी नंतर कधी टर उडवली नाही.

त्यांची दुसरी सवय मला फार आवडायची. पोरगं सारखं एकाच अक्षराला अडकलं की दुसरे मास्तर पोराला झापतात. सर आधी पोराला उठवायचे आणि स्वतः त्या मशीनवर बसायचे. तीच ओळ, त्याच वेगानं, नजर समोरच्या भिंतीवर. अक्षर अडकलं तर समजायचं की मशीनचं काहीतरी बिघडलंय. मग पोराच्या वहीत, त्या चुकलेल्या पानाखाली, लाल शाईनं लिहायचे: 'दोष यंत्राचा.' आणि खाली पूर्ण सही. ती पानं पोरं जपून ठेवायची. घरी दाखवायची.

एकदा एक मोठे बागायतदार आले. जीपगाडीतून. पोरगं तिसऱ्यांदा परीक्षेला बसणार होतं आणि सरावाच्या वहीत चुकांचा नुसता पाऊस. सर मशीनवर बसले, पान काढलं, एक चूक नाही. बागायतदार हसून म्हणाले, "लिहून टाका की सर, मशीनचा दोष. मशीन काय भांडाया येतंय का तुमच्याशी?"

"ते भांडायला येत न्हाई म्हणूनच त्याच्यावर खोटं लिहायचं न्हाई," सर म्हणाले.

बागायतदार तिथून उठले ते माझ्या दुकानात आले आणि अर्धा तास सरांना शिव्या घालून गेले. जाताना दोन कोऱ्या वह्या घेतल्या. पोरगं मात्र क्लास सोडून गेलं नाही, चौथ्या खेपेला पास झालं. आता कुठल्याशा पंचायत समितीत साहेब आहे.

त्या काळी टाइपिंगच्या नोकरीची परीक्षा असली की उमेदवारानं स्वतःचं मशीन न्यायचं, अशी पद्धत होती. कचेरीत एवढी मशीनं कुठली? मग परीक्षेच्या दिवशी अंबडहून जालन्याला जाणाऱ्या एस.टी.त सर चढायचे, मांडीवर टाइपरायटर. पंधरा-वीस किलोचं ते धूड, खाली सतरंजीची घडी. एकदा मी सोबत होतो. कंडक्टर म्हणाला, टपावर टाका. सर म्हणाले, टपावर हादरे बसतात. एक म्हातारी बसायला जागा मागत होती. तिला सरांनी आपली जागा दिली आणि स्वतः ते मशीन छातीशी धरून उभे राहिले. पार जालन्यापर्यंत. म्हातारी सारखी विचारायची, "लेकरू हाये का काय त्यात?" सर उतरले तेव्हा त्यांचे हात असे थरथरत होते की पाण्याचा पेला धरवेना. आणि ज्या पोरासाठी हा खटाटोप, ते पोरगं मागच्या सीटवर झोपलेलं.

शनिवारी दुपारी क्लास बंद आणि मशीनांची आंघोळ. रॉकेलमध्ये बुडवलेला ब्रश, जुनं धोतर, आणि शिवणमशीनच्या तेलाची छोटी बाटली. तेल बाटलीतून ओतायचं नाही. सुई तेलात बुडवायची, टोकाला जो थेंब लोंबेल तो सांध्यात सोडायचा. प्रत्येक बटणाच्या दांडीला एक थेंब. मी दुकानाची फळी अर्धी लावून तिथं जाऊन बसायचो. बोलणं फार नसायचं. मशीनवर हात फिरवताना सर स्वतःशीच काही पुटपुटायचे, आणि सगळं झाल्यावर एक बटण दाबून सोडायचे. ते दाबताना नाही, सोडताना ते कान द्यायचे. "वर येताना आवाज आला न्हाई पाहिजे," म्हणायचे. "दाबायला कुणीबी दाबतं."

नव्वदच्या पुढं दिवस पालटले. आमच्याच रस्त्यावर कॉम्प्युटरचे दोन क्लास निघाले, थंडगार खोल्या, काचेचे दरवाजे. सरांकडं पोरं कमी झाली. भिंतीपलीकडून चार मशीनचा आवाज यायचा तिथं दोनचा यायला लागला, आणि दुपारी तर एकाचाही नाही. सरांनी हार मानली नाही. पन्नाशी उलटल्यावर कॉम्प्युटर शिकले, एक जुना विकत घेतला. त्यात मराठीचा फाँट टाइपरायटरच्याच मांडणीचा मिळतो हे कळलं तेव्हा त्यांना कोण आनंद झाला. बोटांना काही नवं शिकायला नको. पण आमच्याकडं वीज कुठं होती? दिवसाचे आठ-आठ तास भारनियमन. कॉम्प्युटरवर फडकं टाकलेलं असायचं आणि सर त्याच्यासमोर हाताची घडी घालून बसलेले.

अशात त्यांच्या पुण्यातल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं त्यांना आपला वापरलेला लॅपटॉप पाठवला. सर, विजेची भानगड नको, बॅटरीवर चालेल. सरांनी तो उघडला आणि पहिल्या दिवशी मला बोलावलं.

"शेजारी, ह्याच्यावर हात ठेवून बघा."

ठेवला. मला काय कळणार?

"खोली न्हाई," ते म्हणाले. "बटण खाली जातच न्हाई. बोटाला कळत न्हाई की अक्षर उमटलं का न्हाई. हे ज्यानं बनवलं त्यानं पोटासाठी टाइपिंग केलेलं न्हाई."

पुढच्या महिनाभरात त्यांनी त्या कीबोर्डच्या इतक्या तक्रारी केल्या की मला पाठ झाल्या. बटणं सपाट, कडा सापडत नाहीत. खालून गरम होतं, बोटं घामेजतात. मनगट टेकलं की समोरचा बाण भलतीकडं पळतो आणि चालू ओळ सोडून वरच्याच ओळीत अक्षरं पडायला लागतात. त्यावर त्यांनी उपाय काढला, बटणांखाली बाण हलवायची चौकोनी पट्टी असते, तिच्यावर पोस्टकार्ड चिकटवून टाकलं. आमच्याकडची धूळ बटणांच्या फटीत जाऊन बसायची. लांब पट्टीचं बटण डाव्या अंगाला दाबलं तर चालायचं नाही, उजव्या अंगालाच दाबावं लागे. एक बटण तर उडूनच हातात आलं. खाली प्लास्टिकची नखाएवढी कात्री असते, तिचा एक पाय मोडलेला. दुकानात विचारलं तर म्हणाले, एक बटण मिळत नाही, अख्खा कीबोर्ड घ्या, तोही पुण्याहून येईल, आला तर. सरांनी पेनाच्या रिफिलचा तुकडा कापून तो पाय बनवला. दोन दिवस लागले त्यांना. बसला बराबर.

त्याच सुमाराला विमल आली. अंतरवाली सराटीची. नवऱ्यानं टाकलेली, माहेरी राहिलेली, वय तिशीच्या पुढं. घरची शेती होती, कापूस-सोयाबीन, बाप खाऊनपिऊन सुखी. पण तिला भावांच्या संसारात असं किती दिवस राहायचं याची धास्ती होती. रोज एस.टी.नं यायची. खुरप्याचा हात. टाइपरायटरवर अशी हाणायची की कागदाला भोकं पडायची. सर म्हणायचे, "विमलताई, आपला हात जड आहे. अक्षराला मारायचं नसतं." ती हसायची आणि पुन्हा हाणायची. पण वर्षभरात तिनं मराठीची मिनिटाला तीस शब्दांची सरकारी परीक्षा पहिल्या फटक्यात काढली, आणि पुढं चाळीसचीही.

मग एका सरकारी कचेरीत लिपिक-टंकलेखकाच्या जागा निघाल्या. लेखी परीक्षेत विमल वरच्या नंबरात आली. उरली फक्त टंकलेखनाची चाचणी. तिचं वय त्या वर्षी अटीबाहेर जाणार होतं, पुन्हा अर्ज करता येणार नव्हता. जे काय व्हायचं ते याच वेळेला. चाचणी कॉम्प्युटरवर होती, आणि पत्रात तीच जुनी ओळ: उमेदवाराने आपले यंत्र सोबत आणावे.

सर म्हणाले, लॅपटॉप न्यायचा. वीज गेली तरी चालतो, एस.टी.त मांडीवर मावतो. दीड महिना विमल त्याच्यावरच बसली. आधी आठवडाभर रडकुंडीला आली. मग तिचा हात हळूहळू हलका झाला. भिंतीपलीकडून मला तिचा आवाजच येईनासा झाला, तेव्हा मी समजलो की पोरगी तयार झाली.

चाचणी रविवारी होती. शनिवारी सकाळी तिनं शेवटचा सराव केला. दहा मिनिटांत दोन चुका. बापासोबत शेतावरचं काम आटपायचं म्हणून ती दुपारच्या गाडीनं गावी गेली. दुपारी मी नेहमीसारखा सरांकडं जाऊन बसलो. त्यांनी टाइपरायटर पुसले, तेल सोडलं. मग लॅपटॉप पुढं ओढला.

"दोन-तीन बटणं वर येताना कुरकुर करून राह्यलीत," ते म्हणाले. "उद्याच्याला नको."

त्यांनी सुई तेलात बुडवली. एकेका बटणाच्या फटीत एकेक थेंब. ज्यांच्यावर जास्त काम असतं त्यांना दोन. मी बघत होतो. मलाही ते बरोबरच वाटलं. चोवीस वर्षं दर शनिवारी तेच बघत आलो होतो. शेवटी त्यांनी एक बटण दाबून सोडलं, कान दिला आणि समाधानानं झाकण लावलं.

रविवारी आम्ही तिघं एकाच गाडीनं जालन्याला गेलो. मला जुन्या जालन्यात ठोक दुकानातून माल घ्यायचा होता. परीक्षेच्या जागेबाहेर जत्रा भरल्यासारखं झालेलं. कुणी रिक्षातून टीव्हीएवढा मॉनिटर चादरीत बांधून आणलेला, कुणाच्या डोक्यावर पेटी. विमलच्या हातातली ती सपाट काळी पिशवी बघून लोक कौतुकानं बघत होते. सर कोपऱ्यात उभे राहिले, शर्टाच्या बाह्या नीट करत. मी माल घेऊन तासाभरानं परत आलो तर ते तिथंच.

थोड्या वेळानं पोरं बाहेर यायला लागली. विमल सगळ्यांच्या शेवटी. लॅपटॉप उघडाच, छातीशी धरलेला. डोळे कोरडे होते पण चेहऱ्यावर काही राहिलं नव्हतं. पहिल्या दोन ओळी नीट गेल्या म्हणाली. मग बटणं खाली गेली की वरच येईनात. एक दाबलं तर तेच अक्षर ओळभर, दुसरं दाबलं तर काहीच नाही. पर्यवेक्षकाला हाक मारली. तो म्हणाला, यंत्राची जबाबदारी उमेदवाराची. दहा मिनिटं संपली.

दारापाशी जालन्याच्या एका मोठ्या क्लासची पोरं उभी होती, त्यांचे सरही. सगळे बघत होते. विमल मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझाच हात जड, सर. तुम्ही कित्ती बार सांगितलं. माझ्या हातानंच मोडली बटणं."

सरांनी लॅपटॉप तिच्या हातातून घेतला. अंगठा बटणांवरून फिरवला. अंगठ्याकडं बघितलं. मला तिथून तो चकाकताना दिसला. त्यांचं तोंड उघडलं. मला वाटलं आता बोलतील. मग त्यांनी तोंड मिटलं, लॅपटॉप पिशवीत घातला आणि म्हणाले, "चला, गाडी निघेल."

अंबडला विमल उतरून अंतरवालीच्या गाडीत बसली. आम्ही क्लासमध्ये आलो. सरांनी कीबोर्ड खोलला. खाली पारदर्शक प्लास्टिकचे पापडासारखे पातळ पदर होते, आणि तेल त्यांच्यामध्ये इकडून तिकडं पसरलेलं. वरच्या रबराच्या टोप्या मऊ होऊन बसलेल्या. ज्यात तेल घालायचं असतं तसं त्यात काहीच नव्हतं. ना दांडी, ना सांधा.

"मीच घालवली तिची नोकरी," सर म्हणाले.

"सांगा तिला," मी म्हणालो.

"सांगतो."

आधी म्हणाले, निकाल लागू द्या, कदाचित होईलही. निकाल लागला, विमलचं नाव नव्हतं. मग म्हणाले, एवढ्यात नको, जखम ताजी आहे. मग कापसाची वेचणी, तिला वेळ नसेल. मग दिवाळी. दिवाळीला विमल फराळाचा डबा घेऊन आली, सरांच्या पाया पडली, आणि सरांनी तिला चिवडा चांगला झालाय एवढंच सांगितलं. मी अलीकडून ऐकत होतो. माझा संताप झाला.

तिला गाडीत बसवून सर परत आले तसा मी तिथं गेलो आणि जे तोंडाला आलं ते बोललो. "लोकांच्या वहीत लाल शाईनं लिहिता, दोष यंत्राचा. बागायतदाराला तोंडावर न्हाई म्हणता. आणि ती बाई सगळ्या गावात सांगून राह्यली की माझ्या हातानं घात झाला. तुम्हाला झोप कशी येते?"

ते टेबलावरची धूळ बोटानं गोळा करायला लागले.

"येत न्हाई," म्हणाले. मग म्हणाले, "ती परीक्षा पास झाली तव्हा तिच्या बापानं मला जेवाया बोलावलं होतं. ओट्यावर न्हाई शेजारी, घरात. त्याच्या शेजारी पाट मांडला. आमच्या बापाला त्या बाजूच्या गावात कुणी उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. तुम्ही चुकले तर लोक म्हणतील, दुकानदार चुकला. मी चुकलो की ती एकट्याची चूक राहत न्हाई. म्हणतील, ह्या लोकांना मशीनमधलं काय कळतं."

मी चिडूनच गेलो होतो, पण परत आलो तेव्हा कुणावर चिडलोय तेच मला कळेना. एवढं मात्र मी जाता जाता म्हणालो, "हे सगळं खरं असंल सर. पण भोगून ती राह्यलीय."

त्यानंतर त्यांनी शनिवारची साफसफाई सोडली. टाइपरायटर कुरकुरायला लागले. अंगानंही उतरले. नवीन पोरगं चुकलं तर मशीनवर बसून बघायचे, पण वहीत काही लिहायचे नाहीत, लाल पेन खिशातच राहायचं.

अकराव्या महिन्यात, सकाळी सकाळी, मी दुकान झाडत होतो तर सर समोर उभे. इस्त्रीचा पांढरा शर्ट.

"शेजारी, अंतरवालीला यायचंय का? मी एकटा गेलो तर वाटेतनं परत येईन."

मी झाडू तिथंच ठेवला.

विमलचं घर गावच्या चौकाच्या कडेलाच, चहाच्या टपऱ्यांसमोर. फाटकाच्या आत ओसरीवर ती घरच्या जुन्या शिवणमशीनवर बसली होती. चाचणी गेल्यापासून गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. आम्हाला बघून गडबडून उठली, सतरंजी टाकली, पाणी आणलं. बाप शेतात गेला होता. सर बसले नाहीत. उभ्यानंच, क्लासात धडा सांगतात त्या आवाजात बोलले.

"विमलताई, तो लॅपटॉप आपल्या हातानं बिघडला नाही. आदल्या दिवशी मी त्यात तेल सोडलं. टाइपरायटरला सोडतो तसं. आपली नोकरी माझ्यामुळं गेली."

विमलनं मशीनच्या चाकावर हात ठेवला. चाक थांबलेलंच होतं.

"मला म्हाईत हाये, सर," ती म्हणाली.

सरांनी विचारलं, "कव्हापासून?"

"त्याच दिशी. दुसऱ्या ओळीला बोटं ओली झाली. वास घेऊन बघितला. शिवणमशीनचं तेल मला वासानं कळत न्हाई व्हय? तुमच्या हाताला बी कायम त्योच वास असतोय."

"मंग भाईर येऊन सगळ्यांच्या म्होरं सोताचं नाव का घेतलं?" सरांची क्लासातली भाषा गेली होती.

"तिथं त्या क्लासचे सर हुबे व्हते, त्यांची पोरं हुबी व्हती. समदे तुमच्याकडं बघून राह्यल्ते. माझी नोकरी तर गेल्ती. तुमचं नाव बी कशाला जाऊ द्यायचं? म्हणून म्हणले मोठ्यानं." तिनं चाकावरचा हात काढला. "वाईट वाटलं सर. न्हाई कशाला म्हणू? लई रडले घरी येऊन. पण तुम्ही माझ्यासाठीच तेल सोडलं व्हतं."

मग ती चहा करायला आत गेली. सर सतरंजीच्या कडेला बसले. चहा आला, तो आम्ही प्यायलो. विमलनं विचारलं, क्लासला पोरं किती? सर म्हणाले, सहा. ती म्हणाली, दिवाळीनंतर वाढतील. आम्ही निघालो. फाटकापर्यंत ती आली, वाकून पाया पडली, आणि सर एक पाऊल मागं सरकले.

चौकात टपरीच्या बाकावर आम्ही गाडीची वाट बघत बसलो. मला हलकं वाटत होतं. चला, झालं एकदाचं. मी सरांना म्हणालोही तसं. ते समोरच्या घराकडं बघत होते. ओसरीवर मशीन पुन्हा सुरू झालं होतं.

गाडी दिसली. मी पिशवी उचलली. सर उठेनात.

"चला की."

"तेलाचं सांगितलं, शेजारी," ते म्हणाले. "गप्प बसल्याचं राह्यलं."

"अहो, कळलंय तिला ते. अकरा महिने कळलंय."

"तिला कळलंय. मी कुठं सांगितलंय?"

कंडक्टर घंटी मारायला लागला. सर म्हणाले, "तुम्ही जा पुढं. मी मागच्या गाडीनं येतो." मी चढलो. खिडकीतून मागं वळून बघितलं तर ते चौक ओलांडत होते, सावकाश, दोन्ही हात मोकळे. गाडी वळली तेव्हा ते विमलच्या ओसरीखाली पोचले होते, आणि वाकून पायातल्या चपला काढत होते.